सोल्युशन वाळेपर्यंत एक गाणं

‘पंक्चरचं सामान सोबत ठेवलं की पंक्चर हमखास होतं’ ही अफवा ज्या कुणी पहिल्यांदा उठवली, तो माणूस खोटारडा होता. आळशीही असणार. त्याच्या एका वाक्यापायी किती धडधाकट माणसांनी भर उन्हात गाड्या ढकलल्या असतील, याचा त्याला कुणी जाब विचारला का? पंक्चर खिळ्यानं होतं, माझ्यामुळे ते निघतं. एवढं कळायला काय मोठी अक्कल लागते?

होय, मी पंक्चर काढायचा संच बोलतोय. आधी भांडतो आणि मग ओळख सांगतो, हा माझा स्वभावच आहे. लांबट पत्र्याचा डबा, हिरवं झाकण. पोटात टायर उचकटायच्या दोन पट्ट्या, रबराचे पॅच, घासायला कानशीचा तुकडा आणि सोल्युशनची एक नळी. डब्याला रबरी पट्ट्यानं बांधलेला एक हातपंप. बस्स, एवढाच माझा संसार.

जन्मलो चीनमध्ये. जन्माचं फारसं आठवत नाही, कारण यंत्रानं झाकण दाबलं तेव्हाच डोळ्यांपुढे अंधारी आली. प्रकाश दिसला तो समुद्रापलीकडच्या एका बेटावर, हाराबाकोआ गावच्या बाजारातल्या एका सुट्या भागांच्या दुकानात. तिथे मी तारेला टांगलेला असायचो. शेजारी माझ्याहून थोराड, काळ्या चकचकीत पेटीतला एक संच होता. त्याच्यात वायूच्या चिमुकल्या टाक्या, सुईसारखा दाभण आणि रबरी वाती. जो तो त्यालाच हात लावायचा. मी नुसता धुळीत टांगलेलो. मला काम हवं होतं हो! रस्ता हवा होता.

एके दिवशी डेयानिरा आली. हात ग्रीसचे, केस रुमालात बांधलेले. दुकानदारानं लगेच काळी पेटी काढून काउंटरवर ठेवली.

“ही घे पोरी. एक नंबर माल. दाभणानं वात आत खुपसायची, चाक उघडायचंसुद्धा नाही.”

“आणि आत ट्यूब असेल तर?”

“सगळ्याला चालते.”

“काका, माझ्या गाडीला तारांची चाकं आहेत. आत ट्यूब आहे. ट्यूबमध्ये दाभण खुपसला तर एका भोकाची दोन होतील.”

दुकानदार हसला. “मग तुला पंक्चर काढायचंय कशाला? टायरवाला मेलाय का?”

“टायरवाला पुलापाशी असतो. मी डोंगरात असते.”

तिनं मला तारेवरून उतरवलं. झाकण उघडून पट्ट्या वाकतात का ते पायाखाली घेऊन पाहिलं. सोल्युशनची नळी दाबून पाहिली, आतला रस पातळ आहे की वाळून खडा झालाय याची खात्री केली. पंपाची नळी गाडीच्या व्हॉल्व्हवर नीट बसते का, हे बघायला ती मला घेऊन थेट रस्त्यावर गेली. आजवर कुणी माझी अशी तपासणी केली नव्हती. माझं झाकण लाजेनं आणखी हिरवं झालं असेल!

तिचा अड्डा पुलाजवळ होता. अड्डा म्हणजे बदामाच्या झाडाखालचं एक बाकडं आणि ओळीनं लावलेल्या मोटारसायकली. पाठीमागे माणूस बसवायचा आणि म्हणेल तिथं पोचवायचं, हा सगळ्यांचा धंदा. प्रत्येकाच्या अंगात नंबर लिहिलेलं नारिंगी जाकीट. ज्याला जाकीट आहे त्याला पाळी. डेयानिराला जाकीट नव्हतं. सगळे गेल्यावर उरलासुरला पॅसेंजर तिचा. गाडी वडिलांची होती. त्यांचे गुडघे गेले तशी ती हिच्याकडे आली, पण जाकीट काही आपोआप आलं नाही.

अड्ड्याचा अध्यक्ष वारो. पोट सुटलेला, मनानं वाईट नव्हे, पण तोंडाळ. मला पाहताच त्यानं बाकड्यावरून पाय आखडून घेतले.

“अरे देवा! ही मीठ घेऊन आली!”

आमच्याकडे फुटक्या नशिबाच्या माणसाला ‘खारट’ म्हणतात. त्या अड्ड्याची पक्की समजूत होती, की पंक्चरचं सामान बाळगणारा माणूस खारट होतो आणि शेजाऱ्यालाही करतो. म्हणून अख्ख्या अड्ड्यात माझ्यासारखा एकही नव्हता. गंमत अशी, की गळ्यात संतांची पदकं घालून हीच मंडळी एका चाकावर गाडी उडवायची, तेव्हा मात्र कुणाला नशीब आठवायचं नाही.

“खारट मी नाही, अध्यक्षसाहेब,” डेयानिरा म्हणाली. “खारट तुमचा घाम आहे. गेल्या आठवड्यात गाडी ढकलत आलात ना, तेव्हाचा.”

कॉफी विकणारी चेआमावशी एवढ्या जोरात हसली की तिच्या किटलीचं झाकण उडालं.

वारोनं मग सगळ्यांदेखत सांगून टाकलं, “सान अँतोनिओच्या जत्रेपर्यंत बघू. तोवर एकही पॅसेंजर वाटेत टाकला नाहीस, तर जाकीट तुझं. टाकलास, तर परत या झाडाखाली गाडी लावायची नाही.”

पुढच्याच आठवड्यात, रिकामी परतताना, तिची गाडी पंक्चर झाली. तेही अड्ड्याच्या समोर! माझ्या आयुष्यातलं पहिलं काम, आणि बघायला ही सगळी टोळी. डेयानिरानं चाक उचकटलं, ट्यूब बाहेर ओढली, भोक शोधलं, घासलं, सोल्युशन लावलं आणि ओल्यावरच पॅच दाबला. मी आतल्या आत ओरडत होतो, ‘थांब! वाळू दे!’ माझ्या झाकणावर तसं स्पष्ट छापलेलंही होतं, पण चिनी लिपीत. हवा भरताच पॅच गोगलगायीसारखा सरकला आणि फुस्स!

“खारट! खारट!” टोळीनं ताल धरला. ती मान ताठ ठेवून गाडी ढकलत टायरवाल्याकडे गेली. मला मात्र तिनं फेकून दिलं नाही. सीटखाली ठेवताना फक्त एवढंच म्हणाली, “आपलं कुठेतरी चुकतंय.” ‘आपलं’ म्हणाली ती!

मग जत्रेचा दिवस उजाडला. डोंगरातल्या लोमा केमादा गावात सान अँतोनिओची मूर्ती खांद्यावर घेऊन गावभर फिरवतात. पण अकॉर्डियन वाजल्याखेरीज संत देवळाचा उंबरा ओलांडत नाहीत, अशी तिथली रीत. सकाळपासून अड्ड्यावरच्या गाड्या भराभर वर चालल्या होत्या. टायरवालासुद्धा दुकान बंद करून, पांढरा सदरा घालून गेला. राहिली ती डेयानिरा आणि सगळ्यांना रवाना करून शेवटी निघणारा वारो.

तेवढ्यात धापा टाकत फेफोकाका आले. पाठीवर अकॉर्डियनची पेटी, डोक्यावर इस्त्रीची टोपी. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात कुणाचा नाही.

“कुणाची पाळी?”

वारो ‘ग्विरा’ नावाचं वाद्य वाजवणाऱ्या तोन्योची वाट बघत होता. त्यानं नाइलाजानं डेयानिराकडे बोट दाखवलं. मग हळूच तिला म्हणाला, “पोरी, आज काकांना वाटेत टाकलंस तर संत देवळातच राहतील. जाकिटाचं सोड, गाव तुला उभं करणार नाही.”

आम्ही निघालो. निम्मा घाट चढलो असू, तोच मागचं चाक डगमगायला लागलं. जत्रेच्या कागदी पताका रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ठोकल्या होत्या, आणि ठोकणाऱ्या भक्तांनी अर्धे खिळे रस्त्यावर सांडले होते. भक्ती मोठी, पण खाली वाकून खिळा उचलायला नको!

डेयानिरानं काकांना उतरवलं. तिनं गाडी स्टँडवर घेतली, मला बाहेर काढलं, पट्ट्या लावल्या. टायरच्या आतून बोट फिरवून खिळा काढला. ट्यूब घासली. सोल्युशन लावलं. आणि पॅच उचलला.

“अगं, अगं! काय करतेस?” फेफोकाका ओरडले. “ओल्यावर?”

“काका, उशीर होतोय!”

“ओल्यावर लावलास तर आणखी उशीर होईल. मी अकॉर्डियनच्या भात्याची भोकं असल्याच रसानं चिकटवतो. लावायचं, हात मागे घ्यायचा, आपल्या नाचाचं एक अख्खं मेरेंगे गुणगुणायचं. गाणं संपलं की चिकटवायचं.”

“आणि गुणगुणायला सुचलं नाही तर?”

“मग वाजवायचं,” म्हणाले, आणि त्यांनी पेटी उघडली.

त्या वळणावर फेफोकाकांनी जे वाजवलं ना! सुरुवात मंद, जणू कुणी दारावर हळूच टकटक करतंय. डेयानिरा ट्यूब हातात धरून बसलेली, बोटं शिवशिवतायत. वरच्या घरातून एक बाई हातातलं धुणं तसंच घेऊन खाली आली. बागेतला एक म्हातारा कोयता कमरेला खोचून रस्त्यावर उतरला आणि त्यानं बाईपुढे हात केला. ओली चादर खांद्यावर टाकून ती नाचायला लागली. सोल्युशनवरची चमक हळूहळू जात होती. मला कळत होतं, माझं रक्तच ते!

नेमका तेव्हाच वारो आला. मागे तोन्यो, त्याच्या मांडीवर पत्र्याच्या किसणीसारखी ती ग्विरा.

“म्हटलं नव्हतं? खारट!” वारोनं गाडी हळू केली. “काका, चला, बसा मागे. तिघं मावतो.”

डेयानिरानं वर पाहिलं नाही. आत्ता काका उठले तर जाकीट गेलं, झाड गेलं, सगळं गेलं. ती फक्त ट्यूबकडे बघत राहिली.

फेफोकाकांची बोटं थांबली नाहीत. वाजवतावाजवताच म्हणाले, “गाणं अर्धं टाकून मी माझ्या लग्नातसुद्धा उठलो नाही रे. तू हो पुढे.”

“संत ताटकळतील!”

“संतांना घाई नसते. घाई तुला आहे.”

वारो धूर सोडत गेला. मग गाण्याचा शेवटचा भाग आला, तो जलद, पाय जमिनीवर ठरू न देणारा. म्हाताऱ्याचा कोयता कमरेवर टणटण वाजत होता. शेवटचा सूर मिटला आणि डेयानिरानं पॅच दाबला.

धरला! असा धरला, की ओढूनही हलेना. धुणंवाल्या बाईनं आणि कोयतेवाल्यानं आळीपाळीनं, नाचाच्याच ठेक्यात, पंप मारला.

पुढच्या वळणावर कोण दिसलं असेल? वारो. खाली वाकून चाकाकडे बघत उभा. तोच रस्ता, तेच भक्त, तेच खिळे.

डेयानिरानं गाडी थांबवली. मला वाटलं, आता ही सूड घेणार. घ्यावा, असं मलाही वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण तिनं तोन्योला आपल्या गाडीवर काकांच्या मागे बसवलं, आणि मला सीटखालून काढून वारोच्या हातात दिलं.

“घ्या अध्यक्षसाहेब. खारट आहे, जपून धरा.”

“मी… मला कुठे येतं?”

“लावायचं, हात मागे घ्यायचा आणि एक अख्खं गाणं. मधे सोडायचं नाही.”

ती गेली. संत उंबऱ्याबाहेर आले ते मी पाहिलं नाही. पण डोंगरावरून आधी अकॉर्डियन ऐकू आलं, मग ग्विरा, मग अख्ख्या गावाचा जल्लोष, आणि तो ऐकत मी एका अडाणी हातात उघडा पडलो होतो. वारोनं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं सोल्युशन लावलं, डोळे मिटले आणि गायला लागला. बगळे उडाले. एक गाढव कुंपण तोडून पळालं. पण गडी मधे थांबला नाही, आणि पॅच बसला! आपल्या हातानं बसवलेला पहिला पॅच. तो ट्यूबला असा थोपटत होता, जणू बाळ जन्माला आलंय. मी त्याला तिथेच माफ करून टाकलं.

संध्याकाळी तो वर पोचला. देवळामागे नारळाच्या दुधातला ओल्या तुरीचा भात संपत आला होता. डेयानिरानं त्याच्यासाठी एक ताट झाकून ठेवलं होतं. त्यानं जेवण्याआधी स्वतःचं जाकीट काढलं आणि तिला घातलं. तिच्या अंगात ते तंबूसारखं लोंबत होतं.

“हे माझं आहे. उद्या तुझं नवं येईल,” तो म्हणाला. “तोवर पहिली पाळी तुझी.”

आता मी सीटखाली राहत नाही. बदामाच्या झाडाला खिळा ठोकून (रस्त्यावर न सांडलेला) मला टांगलंय. झाकणाला पोचे पडलेत, सोल्युशनच्या नळ्या कितीतरी बदलल्या. मी आता अख्ख्या अड्ड्याचा आहे, आणि तीन जणांनी आपापले संच विकत आणलेत. घेण्याआधी ते चाकाकडे बघायला शिकले, याचा मला केवढा अभिमान!

तुम्हालाही तेच सांगणं. आधी आपलं चाक बघा, मग संच निवडा. ट्यूब असेल तर पॅच आणि पट्ट्या घ्या, चकचकीत पेटीला भुलू नका. नळी दाबून बघा. आणि आम्हाला सीटखाली कोंबून विसरू नका. वर्षातून एकदा तरी झाकण उघडून विचारपूस करा. वाटेत कुणी गाडी ढकलताना दिसला तर थांबा. सोल्युशन वाळायला लागतो तेवढा वेळ कुणाकडे नसतो, असं मला अजूनही पटत नाही.

परवाच एका पोराची गाडी झाडाखालीच पंक्चर झाली. डेयानिरानं तिच्या मापाच्या नव्या जाकिटाच्या बाह्या सावरल्या, ट्यूब घासली, सोल्युशन लावलं आणि हात मागे घेतला. लगेच वारो बाकड्यावरून उठला, घसा खाकरला, छाती पुढे काढली. हल्ली गाण्याचा मान तो कुणाला देत नाही.

चेआमावशीनं किटली खाली ठेवली आणि दोन्ही कान झाकून घेतले. “डेयानिरा, बाई,” ती म्हणाली, “एक दिवस ओल्यावरच चिकटव गं. मी ढकलते गाडी.”