सगळी बिस्किटं गोल

मुंगीच्या वर्गाने बिस्किटं करायची आणि शाळेसमोरच्या बस डेपोतल्या लोकांना नेऊन द्यायची, ही कल्पना बाईंची. पण "आमच्याकडे मोठा ओव्हन आहे, भाजायचं माझ्याकडे लागलं" हे तोंडातून निघून गेलं मुंगीच्या आईच्या. घरात रांगतं बाळ, सिंकमध्ये भांड्यांचा डोंगर, आणि त्यात ही नसती उठाठेव. सासूबाई म्हणाल्या, "घे, घे. रिकामीच तर असतेस."

बाळाला सासूबाईंवर सोपवून ती दुपारी शाळेत गेली. वर्गातली बाकं जोडून त्यावर प्लास्टिक अंथरलं होतं. लोणी आणि पिठीसाखर फेसताना निम्मी साखर पोरांच्या नाकावर गेली, थोडी पोटात, उरलेली भांड्यात. बाईंनी सांगितलं होतं, डेपोतलं कुणीतरी एक माणूस मनात धरायचं आणि त्याच्यासाठी करायचं. मग काय, वर्गभर घनघोर कारखाना सुरू झाला. ढब्बूने मिशीवाल्या ड्रायव्हरकाकांसाठी बस केली. तिला तीनच चाकं होती.

"चौथं पलीकडून आहे, काकू," तो म्हणाला. "इकडून दिसायचं नाही."

मुंगीने डेपो झाडणाऱ्या मावशींसाठी खुर्ची केली. चारही पाय फाकलेले, पाठ एका बाजूला कललेली. पालथी पडलेली पाल म्हणून खपली असती.

"खुर्चीच का गं?" आईने विचारलं.

"त्यांना बसायला मिळतच नाही," मुंगी म्हणाली, आणि आणखी एक पाय जरा दाबून घट्ट केला.

ट्रे घरी आणून ओट्यावर ठेवले तेव्हा मात्र मुंगीची आई चपापली. वर्गाच्या गलबल्यात गोड दिसलेली ती बिस्किटं इथं खिडकीच्या उजेडात नुसते गोळे होते, पोरांच्या हातांनी मळकटलेले. बसचं पोट बोटभर जाड आणि चाकं कागदासारखी. पोट भाजेपर्यंत चाकांचा कोळसा झाला असता. हे खरं होतं. जाड वेगळी, पातळ वेगळी भाजता आली असती, हेही खरं होतं आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

पण बिस्किटं भरून आणायच्या डब्याच्या झाकणावर बाईंनी सुंदर अक्षरात लिहून दिलं होतं, 'मुंगीच्या आईच्या मदतीने'. तिची नजर सारखी तिथं जात होती. त्यात सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन डोकावल्या.

"ही अशी देणार? बघ बाई. लोक पोरांना हसत नाहीत, घरच्या बाईच्या हाताला हसतात."

बाळ पेंगुळलं होतं. ते झोपून उठेपर्यंतचा वेळ तेवढा तिचा. तिने बाह्या वर केल्या, बस, खुर्ची, टोपी, शिट्टी, जे काय होतं ते सगळं एकत्र केलं, मळलं, लाटलं आणि स्टीलच्या पेल्याच्या काठाने कापत सुटली. हात कसा भराभर चालला. एकेक चकती अशी की कंपासने काढावी.

वळून बघते तर दारात मुंगी, दुधाचा कप घेऊन.

"माझी खुर्ची?"

"अगं, भाजताना मोडलीच असती ती."

मुंगी कपात बघत राहिली. मग कप तसाच टेबलावर ठेवून बाहेर गेली. दूध अर्धंही संपलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात डबा उघडला. आत शर्टाच्या बटणांसारखी एकसारखी बिस्किटं, ओळीत. पोरांची डोकी डब्यावर एकत्र आली आणि एवढा वेळ चाललेला कलकलाट थांबला.

"आमची कुठंयत?" ढब्बूने विचारलं.

बाईंनी मुंगीच्या आईकडे पाहिलं.

"हीच तुमची," ती म्हणाली. "ओव्हनमध्ये फुगतात ना. फुगून फुगून सगळी गोल होतात." लोण्यातून सुरी फिरावी तसं खोटं निघालं, कुठं अडखळलं नाही.

"बसपण?"

ती काही बोलायच्या आत मुंगी बोलली. कुणाकडे न बघता, बाकावरचा साखरेचा कण बोटाने टिपत. "हो. मी बघितलं काचेतून. आधी चाकं गोल झाली, मग बस."

पोरांना पटलं. प्रत्यक्ष बघणारी साक्षीदारच निघाली म्हटल्यावर प्रश्न मिटला. बाई हसल्या. मुंगीच्या आईच्या कानांच्या पाळ्या मात्र तापल्या. त्या एवढ्याशा पोरीने मोठ्या माणसासारखं आपल्या आईला पाठीशी घातलं होतं.

डेपोत मिशीवाले ड्रायव्हर दोन फेऱ्यांच्या मधे पायरीवर बसले होते. ढब्बूने बिस्किट पुढे केलं. "काका, ही बस आहे."

"असं का? मग स्टिअरिंग कुठंय?"

ढब्बूने बिस्किट उलटसुलट केलं. "होतं. ओव्हनमध्ये गेलं."

"जायचंच. आमच्या बसचा हॉर्न सोडून सगळं गेलंय." त्यांनी अर्धं बिस्किट तोंडात टाकलं, मिशी पुसली. "झकास झालंय हो. कुणाच्या हातचं?"

मुंगीच्या आईला वाटलं, आता पोरं छाती फुगवतील. पण ढब्बूसकट सगळ्यांनी तिच्याकडे बोट केलं.

"काकूंच्या," ढब्बू म्हणाला आणि उभ्या बसचे टायर बघायला गेला. बिस्किटांशी त्याचा संबंध संपला होता.

पलीकडे झाडणाऱ्या मावशी खराटा काखेत धरून मुंगीसमोर वाकल्या होत्या. "माझ्यासाठी? काय गं आहे हे?"

मुंगीने हातातल्या गोल चकतीकडे पाहिलं.

"बिस्किट," ती म्हणाली.

तेवढा एक शब्द मुंगीच्या आईला सोसवला नाही. "खुर्ची होती ती," ती पुढे होऊन म्हणाली. आवाज नको तेवढा मोठा निघाला, टायरांपाशी गेलेला ढब्बूसुद्धा वळला. "तिने तुमच्यासाठी खुर्ची केली होती. मी मोडली. सगळ्यांचीच मी मोडली. ओव्हनने काही केलं नाही."

ड्रायव्हरकाका उरलेलं अर्धं बिस्किट हातात घेऊन दुसरीकडे बघायला लागले. बाईंनी चष्मा काढून उगाचच पुसला.

"का मोडली?" ढब्बूने विचारलं. रागाने नाही. त्याला खरंच कळलं नव्हतं.

"वाटलं, लोक हसतील."

"कुणाला?"

पोरांना, असं म्हणायची तिने तयारी केली होती. जिभेवर आलंही होतं.

"मला," ती म्हणाली.

ढब्बूने जरा विचार केला. "पण काका हसावेत म्हणून तर मी केली होती."

समोरून एक बस वळून फलाटाला लागली, माणसं उतरली, आणि बाई टाळ्या वाजवून पोरांना रांगेत उभं करू लागल्या. मावशींनी बिस्किट पदराच्या टोकात बांधलं.

मुंगी आईजवळ आली. अगदी जवळ, कुणाला ऐकू जाऊ नये एवढ्या हळू म्हणाली, "मग मला का बोलू दिलंस?"

वर्गात मुंगी खोटं बोलत होती तेव्हा तिला थांबवायला एक शब्द पुरला असता. आईला हायसं वाटलं होतं, म्हणून तो निघाला नाही. हे त्या पोरीला कसं सांगणार? तिने नुसता हात पुढे केला.

मुंगीने त्या हातात रिकामा डबा ठेवला आणि बाईंचं बोट धरून रांगेत जाऊन उभी राहिली.