चंद्रावतीच्या घराचे दोन फोटो

मित्रांनो, मी रोल भरून चालणारा एक जुना कॅमेरा आहे. आजच्या मुलांना मी खेळणे वाटतो, पण माझा स्वभाव अजून तसाच आहे, जरा चढेल.

म्हापशाच्या एका स्टुडिओत मी कितीतरी नवरानवरी टिपले. गोवा राज्य झाले त्या वर्षी तिथे नवा कॅमेरा आला आणि मी अडगळीत पडलो. तिथून मला पेडण्याच्या विनोदिनीबाईंनी आणले. त्या शाळेत शिकवत आणि गावातल्या बायकांचे मंडळ चालवत. त्या बायका मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या, जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्या. त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नसे. बाई म्हणाल्या, "आपले जगणे आपणच टिपायचे." कामाने खरखरीत झालेले त्या बायकांचे हात मला पहिल्यांदा लागले, तेव्हा मी नाक मुरडले. पण त्या हातांइतके मला कोणीच जपले नाही.

त्यांच्यातल्या चंद्रावती या विधवेच्या घरावर संकट आले. भाटकाराचा मुकादम शंभू म्हणू लागला, की ती केरीला भावाकडे राहते, इथले घर रिकामेच असते. घरावर हक्क तिथे राहणाऱ्यालाच मिळे; तसे ठरले असते तर घर गेलेच असते. सोमवारी मामलेदारांपुढे सुनावणी होती. पुरावा म्हणून घराचा फोटो काढायचे ठरले.

आणि इथेच घोटाळा झाला. फोटो काढायचा तर घर नीटनेटके हवे! चंद्रावतीने मडकी, गोदडी, काळे पडलेले टोप, सगळे परसात नेऊन ठेवले आणि जमीन सारवली. ती गोदडी ओढत होती, तेव्हा शेजारच्या कमलने गंमत म्हणून माझी कळ दाबली.

"गे कमल, फाटकी गोदडी कित्याक काडटा? तो फोटो कोणाक दाखयनाका!" चंद्रावती रागावली. मग सारवलेल्या घराचा फोटो तिने स्वतः काढला. रोल म्हापशाहून धुवून आला.

सुनावणीला मी विनोदिनीबाईंच्या खांद्यावर होतो. मामलेदारांनी सारवलेल्या घराचा फोटो हातात घेतला. शंभू वाकून बघून हसला.

"पळयात सायबा, घर रिकामें. हांवें सांगलेंच न्हय?"

मी कधी खोटे बोलत नाही, याचा मला केवढा गर्व! आज माझाच खरा फोटो खोटे बोलत होता.

"बाई, तुमचे सामान कुठे आहे?" मामलेदारांनी विचारले. बरोबर आलेल्या कमलने पिशवीतून दुसरा फोटो काढला, पण पुढे केला नाही. ती चंद्रावतीकडे पाहत राहिली. त्या फोटोत पदर खोचलेली, घामेजलेली चंद्रावती होती, हातात चिंध्या झालेली गोदडी आणि मागे टोपांचा ढीग. शेवटी चंद्रावतीनेच तो फोटो ओढून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"ही माझी गोदडी, सायबा. लज दिसली म्हणून सगळें भायर काडलें. पूण हांव थंयच रावतां."

मामलेदारांनी तो फोटो बराच वेळ पाहिला आणि जीप काढायला सांगितली. दुपारी त्यांनी घर स्वतः पाहिले. चुलीत निखारे होते. महिन्याभरात चंद्रावतीचे नाव त्या घरावर लागले.

आता माझ्या काचेवर बुरशी धरू लागली आहे. मला पुसून कोरड्या जागी ठेवा, एवढे मागणे आहेच. पण मित्रांनो, त्याहून मोठे मागणे वेगळे आहे. एखादी बाई आपली फाटकी गोदडी तुमच्यापुढे ठेवील, तेव्हा हसू नका.