बाहेरची कडी

माझी बायको उषा गेली त्या वर्षी पौषात मुलगा मनीष मला भूगावला घेऊन आला. कोळवणच्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारच्या रंभावैनींकडे दिली. संध्याकाळी ओट्यावर दिवा तेवढा लावा, असं त्यांना सांगितलं. भुंग्याला टेंपोत घातला. भुंग्या म्हणजे आमचा काळा कुत्रा. उषाच्या पायापायात फिरायचा, म्हणून तिनंच त्याचं हे नाव ठेवलं होतं.

कोळवणचं घर दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. दर उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याची कौलं चाळायचो, म्हणजे काढून परत नीट बसवायचो. मी छपरावर असायचो, ती शिडीवरून एकेक कौल वर द्यायची. देण्याआधी बोटानं वाजवून बघायची. आवाज बद्द आला तर ते बाजूला. एक वर्ष जरी कौलं चाळली नाहीत तरी पाणी भिंतीत उतरतं, आणि मातीची भिंत एकदा भिजली की बसते. म्हणून मनीषला मी आल्या दिवशीच सांगितलं, "पावसाच्या आत मला घरी जायचं हाय."

"जा की अण्णा," तो म्हणाला. "फक्त किमयाची सोय होऊ द्या."

किमया त्याची मुलगी, तीन वर्षांची. मनीष आणि माझी सून स्वरदा, दोघंही हिंजवडीला कंपनीत. सकाळी जातात ते अंधार पडल्यावर येतात. पोरीला सांभाळायला बाई मिळत नव्हती. बंगला नवा, पण आवार उघडं. समोरच्या रस्त्यानं दिवसभर खडीचे डंपर जायचे. शेजारच्या प्लॉटवर बिल्डरनं पाया खणून तसाच सोडला होता आणि त्यात पाणी साठलं होतं. शारदा नावाची एक बाई बघायला आली. किमया तिच्या डोळ्यांदेखत दोनदा रस्त्याकडे पळाली.

"पोरगी हाय का वारं?" शारदा म्हणाली. "मी भांडी घासू का हिच्या मागं पळू? आधी कुंपण घाला, मग बोलवा मला."

ती गेल्यावर मनीष म्हणाला, "कुंपण झालं की हिलाच ठेवू. मग तुम्ही मोकळे."

कंत्राटदार पाडव्यानंतर येतो म्हणाला. मला तेवढा धीर नव्हता. गावाकडं कलमांना मी कुंपण घातलेलं होतं, काम माहीत होतं. मीच घालतो म्हणालो. खड्ड्यांना दोन गडी घेतले. दोरी धरून सिमेंटचे खांब उभे केले आणि त्यांना जाळी बांधली. भुंग्या उकरतो, म्हणून जाळी वीतभर जमिनीत पुरून वर दगड रचले. मोठ्या बाजूची जाळी पहारीनं ताणताना उजव्या खांद्यात कळ आली. शेकून बघू म्हटलं आणि काम चालू ठेवलं. त्या दिवसांत मी नीट जेवत होतो, झोपही लागत होती. किती राहिलं आणि घरी कधी जाता येईल, एवढाच विचार असायचा.

दोन गेटं करायची होती. एक गाडीचं, एक माणसांचं. ती नाक्यावरच्या वेल्डर सिराजला सांगितली. त्यानं गज लावले आणि पिशवीतून एक नारळ काढून गजांच्या मधे दाबून बघायला लागला.

"हे काय रं?"

"माप हाय काका. नारळ गेला म्हंजी पोराचं डोकं जातं. आत जातं, पण बाहेर येत न्हाई, कान आडवे येतात. मग मला कटर घेऊन पळावं लागतं."

"मग गेट बसल्यावर हाच फोडायचा व्हय?"

"हा नगं. हा माझ्या बापाच्या वेळचा हाय. आत पानी न्हाई काय न्हाई, नुसता खुळखुळा. तुमचा तुमी आणा."

छोट्या गेटची कडी कुठं लावायची ते मी सांगितलं. बाहेरून लाव म्हणालो. पोरीला ती आतून दिसायलाच नको. मोठ्या माणसानं गेटवरून हात घालून काढायची. सिराजनं कडीच्या मागे पत्राही मारला, म्हणजे गजांतून हात घालून काढता येऊ नये. गाडीच्या गेटला कुलूप, आणि त्याची किल्ली मनीषच्या जुडग्यात.

पाडव्याच्या आधीच सगळं झालं. नारळ फोडला. स्वरदानं शिरा केला. आम्ही पायरीवर बसून खाल्ला. किमया आणि भुंग्या जाळीच्या कडेकडेनं पळत होते.

"किती छान झालंय, अण्णा," स्वरदा म्हणाली. "आता ऑफिसात मला चैन पडेल." मग म्हणाली, "मी काय म्हणते, आता बाई हवीच कशाला? आवार तर बंद झालं. तुम्ही नुसतं लक्ष ठेवायचं. परक्या बाईच्या हातात घर देण्यापेक्षा ते बरं."

मी मनीषकडे बघितलं. तो वाटीतला शिरा चमच्यानं गोळा करत होता.

"शिवाय तुमचा खांदा," तो म्हणाला. "हात वर जात नाही. शिडीवर कसे चढणार? कौलांचं मी बघतो. कुणीतरी माणूस लावू."

"कोण मानूस?"

"बघू ना, अण्णा."

स्वरदानं खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवला. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. मला तेव्हाच बोलायला पाहिजे होतं, पण तोंडात खोबरं होतं आणि किमया माझ्या गुडघ्यावर येऊन बसली.

त्यानंतर रोज सकाळी तेच. गाडी बाहेर काढायची, मोठ्या गेटला कुलूप. स्वरदा छोट्या गेटमधून जायची आणि मागे कडी टाकायची. मग आत आम्ही तिघं. किमया रंगाच्या एका रिकाम्या बादलीनं झाडांना पाणी घालायची. दहाच्या सुमारास कोळवणची एसटी जायची. मला पाटी वाचायची सवय लागली. मी बघतो म्हणून किमयाही बघायची आणि एसटीला हात करायची. भुंग्या जाळीला लागून फेऱ्या मारायचा. त्याच्या पायांनी मातीत वाट पडली. कडी मला काढता यायची, पण दुखऱ्या उजव्या हातानं गेटवर ओणवं होऊन; डावा बाजूच्या खांबाला अडायचा. काढून जायचं कुठं, पोरीला घेऊन रस्त्यावर?

एके दुपारी भुंग्या दिसेना. छोट्या गेटखाली जाळी नव्हती, दगडही नव्हते. तिथं त्यानं उकरलं होतं. किमया रडरड रडली. आम्ही भूगावभर विचारलं. आठवड्यानं रंभावैनींचा फोन आला.

"भावजी, तुमचं कुत्रं हितं आलंय. पाय सोलून घेतलेत. ओट्यावर बसलंय."

"खातंय का काय?"

"माझीच भाकरी खातंय आन माझ्यावरच गुरगुरतंय. जसं काय घर त्याच्या नावावर हाय."

रविवारी मी त्याला आणायला गेलो. भुंग्यानं लांबूनच मला ओळखलं, पण ओट्यावरून उतरला नाही. शेपटी तेवढी हलवली. मी शिडी काढून भिंतीला लावली. डाव्या हातानं धरून अर्ध्यापर्यंत चढलो आणि छपराकडे बघितलं. माकडांनी मागच्या बाजूची कौलं पार सरकवून टाकली होती.

"उषावैनी असत्या तर आत्तापतोर निम्मं घर चाळून झालं असतं," रंभावैनी खालून म्हणाल्या.

"उद्या कपडे घेऊन येतो," मी म्हणालो. "डावा हात चालतोय. तुमी कौलं द्या."

"मी? मी चडले तर शिडी मोडंल. मग कौलं करा न्हाईतर माझं हाड बसवा."

मी हसलो. उषा गेल्यापासून पहिल्यांदा असेल. भुंग्याला तिथंच ठेवला. उद्या परत यायचंच होतं. एसटीत मी मनीषला काय सांगायचं ते जुळवत बसलो. शारदाला बोलाव, एवढंच सांगायचं होतं.

भूगावला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. मी रस्त्याच्या या बाजूला आणि समोर गेट. गजांच्या मागे किमया. तिनं मला बघितलं आणि खाली वाकली. मग गेटच्या वर तिचं डोकं आलं. पालथ्या बादलीवर उभी होती. काखेपर्यंत हात बाहेर टाकून तिनं कडी काढली. रोज सकाळी आई काय करते ते ती बघत आली असणार. गेट उघडलं आणि ती सरळ माझ्याकडे पळत सुटली.

डावीकडून डंपर येत होता. मी डावा हात वर करून रस्त्यात शिरलो. ड्रायव्हरनं ब्रेक दाबला, मागची खडी सांडली. सगळी धूळ झाली. धुळीतून ती माझ्या पायाला येऊन भिडली.

"आजोबा," ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, "पोरगी सांभाळता येत न्हाई तर ठेवता कशाला?"

"आबा, मी उघडलं," किमया म्हणाली. "भुंग्या कुठंय?"

मनीष गच्चीवर फोनवर बोलत होता. स्वरदा स्वयंपाकघरात होती. मी सांगितल्यावर ती पायरीवर बसली आणि बराच वेळ तिनं किमयाला मांडीवरून सोडलं नाही. एसटीत जुळवलेलं मी कुणाला सांगितलं नाही. शारदाच्या हातून अशी पोरगी सुटली असती तर, हेच डोक्यात येत राहिलं.

सकाळी रंभावैनींना फोन केला. भुंग्याला भाकरी घालत जा म्हणालो. मग सिराजला बोलावलं. त्यानं कडी कापून काढली आणि बाहेरच्या बाजूला चांगली हातभर खाली बसवली. गेटखाली पट्टीही मारली.

"आता दोन बादल्या ठेवल्या तरी पोरीचा हात जायचा न्हाई," तो म्हणाला. "तुमचा पोचतोय का बघा काका."

मी गेटवर ओणवा झालो. डावा हात बाजूच्या खांबाला अडला. उजवा कोपरापर्यंत उतरला आणि खांद्यात धरला. बोटांच्या खाली कडी दिसत होती.

"पोचतोय," मी म्हणालो.

सिराजनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. हत्यारं पिशवीत भरली. बाहेर जाऊन कडी टाकली आणि स्कूटर चालू केली.

किमयानं बादली आणून पालथी घातली. वर चढून हात बाहेर टाकला.

"आबा, पोचत नाही."

"न्हाई पोचत."

"तुझा?"

"माझा बी न्हाई."

"मग कोण उघडणार?"

"आई येईल संध्याकाळी."

ती बादलीवरच उभी राहिली. थोड्या वेळानं कोळवणची एसटी आली. तिनं हात केला.