शेवटच्या घरातलं कोरडं भांडं

साहेब, तुम्ही जिना चढला नाहीत. खाली खुर्चीत बसून एका घरासमोर 'रिकामे' असं लिहिलंत आणि शिक्का हाणलात. त्या घरात मी होतो. आणि एक बाई होती.

मित्रांनो, मी एक जुना कमोड आहे. नाक मुरडू नका. रोज सकाळी माझ्या भाऊबंदांकडे धावत येता, तेव्हा कुठे असतं हे नाक?

माती कालवून मला साच्यात ओतलं, भट्टीत भाजलं, वर चकाकी चढवली. माझी मान वाकडी आहे, पण ती हौस म्हणून नाही. त्या बाकात दोन तांबे पाणी सतत उभं असतं आणि ते गटाराचा वास घरात येऊ देत नाही. माझं खरं काम तेवढंच, पाणी धरून ठेवायचं.

ती बाई म्हणजे आमची मावशी. ती इस्पितळाच्या धोबीखान्यात तीस वर्षं उभी राहून चादरी धूत होती. तिचे गुडघे गेले, उकिडवं बसणं जमेना, तेव्हा तिच्या नवऱ्याने, आमच्या काकांनी, मला आणलं. मला बसवलं त्या दिवशी ती म्हणाली, "सिंहासनच की हो. आता राज्य कुठंय तेवढं दाखवा." काका म्हणाले, "आधी बसून तर बघा, राणीसाहेब."

त्या जिन्यात आम्ही सहा जण एकाच पाइपावर होतो. सकाळी वरून, खालून, शेजारून घळघळ ऐकू यायची. कोणाला उशीर झालाय, कोणाकडे पाहुणे आलेत, सगळं मला आवाजावरून कळायचं. मग वसाहत पाडायचं ठरलं. एकेक कुटुंब नव्या घरात गेलं, एकेक आवाज बंद झाला. मावशीला मात्र नवं घर मिळालं नाही. हे घर काकांच्या नावावर होतं. काका वारले आणि कागदावर घर रिकामं झालं.

त्यातच माझी टाकी गळू लागली. मावशीने तीन तक्रारी लिहिल्या. शेवटी एक प्लंबर आला. ती इतकी हरखली, की तू कशासाठी आलास हे तिने विचारलंच नाही. त्याने कॉक बंद केला, फ्लश ओढला, टाकी रिकामी केली. माझ्यातलं उरलेलं पाणी उपसायला मावशीनेच डबा दिला, तळाचं टिपायला जुना टॉवेल दिला. दुरुस्ती अशीच सुरू होते, हे तिला ठाऊक होतं. चहासुद्धा टाकला. माझ्या गळ्यातला शेवटचा थेंब टिपला गेला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गटाराचा वारा माझ्या तोंडून घरात आला.

मग त्याने कॉकला तार बांधून सील ठोकलं.

"हे काय रे बाबा? सोड की आता पाणी."

"सोडायचं नाही, मावशी. घर बंद करायला पाठवलंय मला. स्वयंपाकघरातला नळही बंद करायचाय. कागदावर इथं कुणी राहत नाही."

"मग चहा कुणी दिला तुला? भुतानं?"

तो पान्हा उचलून स्वयंपाकघराकडे वळला. "मी हुकमाचा ताबेदार," एवढंच पुटपुटला. वास येऊ नये म्हणून जाताना तो टॉवेल माझ्या गळ्यात कोंबून गेला. तेवढी माया त्याने दाखवली, खोटं कशाला बोलू?

मावशी तुमच्या कचेरीत गेली, साहेब. कारकून म्हणाला, "रिकाम्या घराची तक्रार घेता येत नाही, आजी."

आता ती अंगणातल्या नळावरून पाच लिटरचा कॅन आणते. कठडा धरून, पायरीपायरीला थांबत. दिवसातून एकदाच जमतं. अर्धं पाणी पिण्या-रांधण्याला, अर्धं मला. टॉवेल काढते, ओतते आणि म्हणते, "घे रे, तुझी तहान माझ्याहून मोठी." अख्ख्या जिन्यात दिवसभरात तेवढाच आवाज. मी घळघळतो, पण पलीकडून कोणी घळघळत नाही.

मित्रांनो, कमोड स्वच्छ ठेवा, गळकी टाकी वेळेवर दुरुस्त करा, हे तर मी सांगणारच. पण शेजारच्या घरातलं पाणी वाजायचं थांबलं, तर जाऊन दारही वाजवा.

गेल्या आठवड्यापासून मावशीने पाणी पिणं कमी केलंय. ओठ फुटलेत तिचे. प्यायलं की माझ्याकडे यावं लागतं, आणि माझ्याकडे आलं की कॅन संपतो. म्हणून साहेब, एवढंच सहीनिशी लिहून द्या: तिने दिवसाला किती घोट पाणी प्यायचं? ती जिवंत आहे तोवर उत्तर पाठवा.