वाफसा जायच्या आत

"बाईनं कासरा धरायचा? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" खुंटा सुनेवर ओरडला, आणि ओरडल्याबरोबर मोडक्या हाताची कळ थेट मस्तकात गेली.

खुंटा हे काही आईबापानं ठेवलेलं नाव नव्हे. एकदा मत ठोकलं की बैल जुंपून ओढलं तरी हा गडी हलायचा नाही, म्हणून गावानं ठेवलेलं. त्याचा बाप गावच्या जमीनदार मालकांच्या बापाच्या बाजूचा, हा मालकांच्या. गावचा कारभारी चौकात हात वर करून निवडायची रीत होती, आणि मालकांसाठी पहिला हात कायम खुंट्याचा.

सून आज ऐकेना. "मामंजी, मूठभर माती उचलून बघा तरी."

त्यानं डाव्या हातानं उचलली. दाबली तर ढेकूळ फुटलं, पण बोटांना चिकटलं नाही. वाफसा आला होता, पेरणीला हवी तेवढीच नेमकी ओल. दिवसभरात ऊन ती पिऊन टाकणार आणि रानाचा दगड होणार. पण पेरणीची पाभर हाकायला घरात पुरुष कुठं होता? पोरगा यंदाच्याच उन्हाळ्यात तापानं गेला. खुंटा बांधावरून पडला, तो उजवा हात फळ्यांत बांधून गळ्यातल्या झोळीत. सुनेनं जन्मभर पाभरीच्या चाड्यात बी सोडलं होतं, तेवढं बाईचं काम. बैल हाकायचे पुरुषानं. बाईनं कासरा धरला तर रान वांझ होतं, असं गाव म्हणायचं. गाव कशाला, सगळ्यांत मोठ्यानं खुंटाच म्हणायचा.

"घरात खायला एवढं बियाणंच उरलंय," सून म्हणाली. "आज मातीत गेलं नाही तर चुलीवर जाईल. ते संपलं की पोरांना काय घालू? तुमचा हट्ट?"

"दम धर जरा. आज निवड आहे. मालक देतील एखादा गडी. इतकी वर्षं हात वर केला, तो काय माश्या मारायला?"

चौकात ही गर्दी. मालकांच्या विरोधात दवाखान्यातली नर्सबाई उभी होती. बाईच्या हाती कासरा द्या, बाईच्या नावावर जमीन करा, असलं बोलायची. 'उद्या कोंबड्या आरवतील,' म्हणून खुंट्यानंच तिची टिंगल केली होती. त्याचा हात फळ्यांत बांधला तो तिनंच, पण ती गोष्ट वेगळी.

तो मालकांपुढं वाकला. "मालक, अर्ध्या दिवसाला एक गडी द्या. वाफसा चाललाय."

"गडी सगळे माझ्या रानात गुंतलेत. उद्या बघू."

"उद्या काय बघायचं, मालक? रान वाळेल!"

"मग देऊन टाक की शेत आम्हाला कसायला. कर्ता पोरगा गेला, आता बायकांच्या जिवावर काय शेती करणार तू?" मालक हसले. "हात मात्र वर कर हं. डावा चालेल."

सगळे खदखदले. सवयीनं खुंटाही हसला, आणि मग त्याला स्वतःचीच शिसारी आली. पोराची राख निवली नाही अजून, आणि आपण दात काढतोय!

मालकांसाठी हात मागितले. चौकभर हात उठले. सगळ्यांनी खुंट्याकडे बघितलं, तर तो गुडघा गच्च धरून बसलेला. मग नर्सबाईसाठी मागितले. कोपऱ्यातल्या चार बायका, आणि खुंट्याचा डावा हात.

"अरे खुंट्या, चुकलास! मालकांचं मघाशी झालं!"

"चुकलो नाही," तो म्हणाला. "मोजा."

नर्सबाई पडायची ती पडलीच. मालक उठता उठता एवढंच म्हणाले, "याची पाभर मोडली तर सुतारानं हात लावायचा नाही."

खुंटा रानात पोचला तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. "पोरी, बैल जुंप."

"मिळाला गडी?"

"नाही. कासरा तू धर."

सून बघतच राहिली. "आणि बी कोण सोडणार?"

त्यानं मोडक्या हाताच्या झोळीतच बियाणं ओतून घेतलं आणि डाव्या मुठीनं चाड्यात सोडायला लागला. आधी दाट पडलं, मग विरळ. "मामंजी, मूठ आवळून धरा, सगळं एका जागी सांडतंय," सून करवादली. त्यानं मुकाट्यानं मूठ आवळली. बांधावर दोघंतिघं येऊन उभे राहिले. "खुंट्या, लुगडं आणू का?" एकानं विचारलं. सुनेचे पाय अडखळले.

"बैलांकडं बघ," खुंटा म्हणाला. "बांधावरच्यांना काय काम आहे?"

निम्मं रान पेरून झालं आणि पाभरीचे दात वर वर उड्या मारायला लागले. मागं नुसती धूळ. सुनेनं बैल थांबवले, टाचेनं माती उकरून बघितली, तर ओल उडालेली. तिला रडू फुटलं. "सकाळीच जुंपलं असतं तर, मामंजी... सकाळीच..."

त्यानं झोळी चाचपली. निम्मं बी अजून तिथंच होतं.

"हे घरी ने आणि पुरवून पुरवून शिजव," तो म्हणाला. "पुढच्या निवडीपर्यंत जगायचंय मला."