सिग्नलसाठी दोन मिनिटं

"इथं रडू नका," म्हणत ग्रेटाने घड्याळ थांबवलं. "रडायचं शेवटी. सारखं रडलात तर लोक तुमच्याकडे बघत बसतात, शब्द कानात शिरत नाहीत."

चर्चच्या तळघरात ओडेसा प्रूइट आपल्या मुलाचं मरण तिसऱ्यांदा सांगत होती. पहिल्या वेळी सहा मिनिटं लागली होती, आता अडीचवर आली होती. हवी होती दोन.

"हे वाक्य काढू या," ग्रेटाने कागदावर पेन टेकवलं. "'सकाळी मी त्याला ओरडले होते.'"

"पण मी ओरडलेच होते. हातमोजा हरवला म्हणून. तो न बोलता निघून गेला."

"सिस्टर," ग्रेटा चर्चमधल्या रीतीने म्हणाली, "दोष एकाच माणसाकडे जायला हवा. रस्ते खात्याच्या कमिशनरकडे. तुम्ही कशाला मध्ये येता?"

ग्रेटा काम करायची ती संघटना नऊ चर्च, दोन मशिदी आणि ज्यूंचं एक सिनेगॉग यांची. देवाच्या बाबतीत त्यांचं कधी जमलं नाही, पण डॉर्सी स्ट्रीटच्या चौकात सिग्नल हवा यावर सगळ्यांचं एकमत होतं. पद्धत ठरलेली: आठशे माणसं जमवायची, एका घरचं दुःख ऐकवायचं आणि साहेबाला सगळ्यांसमोर उभं करून विचारायचं, हो की नाही? भाषण करू द्यायचं नाही. आणि सभा मिनिटाला मिनिट वेळेवर संपवायची. ग्रेटाला या कामाचा पगार होता आणि काम तिला उत्तम येत होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

त्या चौकात गाडीखाली माणूस गेलेल्या घरांची दुःखं तीन आली होती. ओडेसाचा रोलंड अकरा वर्षांचा होता, म्हणून तिचं निवडलं गेलं.

दोन वर्षं लोक तिच्या दारात जेवणाचे डबे ठेवून "देवाची इच्छा" म्हणत परत गेले होते. ओरडल्याचं ते वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. ओडेसाने कागदावरची काट मुकाट्याने मान्य केली आणि मनाशी ठरवलं, माइक हातात आला की म्हणायचंच. आठशे माणसांसमोर एकदा म्हटलं की निदान झोप तरी लागेल.

रविवारी दुपारी हॉल गच्च भरला. ओडेसा निळी हॅट घालून मंचावर तिसऱ्या खुर्चीत बसली. इमामसाहेबांची प्रार्थना झाली. तिचं नाव पुकारायला तिचेच पाद्री, रेव्हरंड यूबँक्स, उठले, तेवढ्यात कमिशनर हॅलोरन उभे राहिले. मुरलेला माणूस.

"मला विचारायचीही गरज नाही," ते म्हणाले. "हो. मार्चपर्यंत सिग्नल लागेल."

हॉल उठून उभा राहिला. कोणी गायला लागलं, कोणी शेजारच्या अनोळखी बाईला मिठी मारली. ग्रेटाने कार्यक्रमपत्रिकेवर एक रेघ मारली आणि ओडेसाच्या कानाशी वाकली.

"मिळाला! तुमच्यामुळे मिळाला!"

"मग मी आता बोलू?"

"आता कशाला? तो हो म्हणालाय. वर आणखी ऐकवलं तर त्याला टोचल्यासारखं होईल. शिवाय आपण सात मिनिटं आधी संपवतोय, बघा तरी!"

कमिशनरांनी जाताना तिचा हात दोन्ही हातांत घेतला. फोटो छान आला.

लोक गेल्यावर ओडेसासह चौदा पुढारी मंडळी खुर्च्यांचा गोल करून बसली. हाही त्यांचा नेम होता. प्रत्येक सभेनंतर कसं वाटतंय ते प्रत्येकाने एका शब्दात सांगायचं आणि ग्रेटाने ते वहीत टिपायचं.

"अभिमान," इमामसाहेब म्हणाले.

"ताकद."

"भूक," सिनेगॉगच्या मिसेस झेल्निक म्हणाल्या, आणि सगळे खळखळून हसले.

ओडेसाची पाळी आली. तिने हॅट काढून मांडीवर ठेवली. घसा साफ केला.

"त्या दिवशी सकाळी मी..."

"एकच शब्द, सिस्टर!" रेव्हरंड यूबँक्स मायेने म्हणाले. "आमच्या चर्चची बाई आहे, थांबवल्याशिवाय थांबायची नाही!"

पुन्हा हशा पिकला. तेरा चेहरे तिच्याकडे कौतुकाने बघत होते. ग्रेटाचं पेन वहीवर टेकलेलं होतं.

ओडेसाने एकेकाकडे पाहिलं.

"छान," ती म्हणाली.

ग्रेटाने ते लिहून घेतलं आणि पुढच्या खुर्चीकडे वळली.