काडेपेटीतलं बी

आमच्या उतारावर ऊन पाहुण्यासारखं येतं. दहाला येतं, अकराला निघतं, चहासुद्धा घेत नाही. खरसांगच्या डोंगराच्या या बाजूची माणसं कपडे चुलीवर वाळवतात आणि फुलं लावायच्या भानगडीत पडत नाहीत. इंद्रलालदाजू प्रधान तेवढे निराळे. दाजू म्हणजे थोरला भाऊ, वयानं मोठ्या शेजाऱ्यालाही आम्ही तसंच म्हणतो. त्यांचं घर माझ्या घराच्या बरोबर वर. त्यांच्या कठड्यावर मोहरीच्या तेलाच्या डब्यांची रांग, डब्यांत सावलीतला तेरडा, आणि भिंतीकडच्या वाफ्यात बेगोनिया. ज्या सावलीला आम्ही शिव्या घालायचो, तिच्यावरच त्यांची झाडं पोसायची.

हा तेरडा आमच्या थंडीत मरतो, दर वर्षी नव्यानं पेरावा लागतो. शेंग पिकली की नुसत्या स्पर्शानं तडकते आणि बी उडतं. कठड्यावरून उडालेलं बी पडायचं माझ्या अंगणात. दर चैत्रात फरशीच्या फटींतली रोपं उपटताना मी वर बघून ओरडायचे, "दाजू, तुमची पोरं आवरा! माझ्या दारात लोळतायत."

"फुकटात मिळालीत देउमाया, वाढव की!"

"मला दुसरे उद्योग नाहीत होय?"

त्यांचा जीव होता तो एका जातीवर. पांढऱ्या पाकळ्या, मधोमध गुलाबी ठिपका. अकरा वर्षं निवडून निवडून ती त्यांनी घडवली होती. बाजारात असली कुठे मिळत नव्हती. तिचं बी ते काडेपेट्यांत भरून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे, हे मला फार उशिरा कळलं.

दसैं, म्हणजे आमचा दसरा, आठवड्यावर आला असताना दाजू गेले. पोटी मूलबाळ नाही, मागे त्यांची बायको हेमा एकटी. तेरावा होईपर्यंत सगळं मीच बघितलं. पुढाकार घ्यायची खोडच आहे मला. आमच्यात वर्षभराची बरखी पाळतात. पांढरे कपडे, दारात रंग नाही, फूल माळणं नाही, लावणं नाही. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कठड्यावरचे सगळे डबे दरीत रिकामे केले. मग स्वयंपाकघर आवरायला घेतलं. खिडकीत पाच-सहा जुन्या काडेपेट्या होत्या, काड्या संपलेल्या, आत नुसता कचरा. चुलीत टाकल्या. हेमा बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती.

फाल्गुनात ती माझ्याकडे आली. पांढरी शाल, चेहरा उतरलेला.

"दिदी, खिडकीतल्या काडेपेट्या कुठं ठेवल्यात?"

"कसल्या गं?"

"यांचं बी होतं. यंदा मला पेरता यायचं नाही, पण बी जुनं झालं की उगवत नाही म्हणायचे. म्हटलं, तुम्ही पेराल का? निदान जात तरी राहील."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलावंसं वाटलं, पण जीभ वळली नाही. "जाळल्या गं मी. रिकाम्या वाटल्या."

हेमा नुसतं "बरं," म्हणाली आणि पायऱ्या चढून गेली. चार शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण तरी गेलं असतं.

चैत्रात मी अंगण साफ करायला बसले. हात सवयीनं चालत होता. निम्म्या फटी कोरून झाल्यावर डोक्यात उजेड पडला: ही तर दाजूंचीच रोपं! खुरपं टाकलं आणि तिथंच फतकल मारली. सुपातल्या कचऱ्यातली रोपं मान टाकून बसली होती. फटींत शोधली तर सात शिल्लक. ती डब्यांत लावली, पण हेमाला एका शब्दानं बोलले नाही. दाजूंकडे लाल, केशरी, सगळेच रंग होते. ही कुठली, कुणाला ठाऊक?

झाडं वाढवायचं मला काय कळतंय? बिचारी गारठतील म्हणून मी डबे उचलून तासाभराच्या उन्हात ठेवायचे. पाहुण्यांना आग्रह करावा तसं पाणी घालायचे. आठवड्यात एक करपलं, एक बुडाशी कुजलं.

तिसऱ्यानं मान टाकली तेव्हा वरून आवाज आला.

"दिदी, उन्हात नका हो ठेवू. जिन्याखाली ठेवा."

कठड्याला टेकून हेमा उभी होती. कधीपासून बघत होती कोण जाणे.

"आणि आधी मातीत बोट घालून बघा. ओलं लागलं तर पाणी नाही."

"खाली येऊन तूच बघ ना गं!"

"मी हात लावायची नाही. वर्ष चाललंय." मग म्हणाली, "तोंड काही कुणी बांधलेलं नाही."

तिसरं रोप जिन्याखाली जाऊन पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून रोज सकाळी ती वरून सांगायची आणि मी खालून राबायचे. एकदा म्हणाली, शेंडे खुडा.

"जगलीत तर आता मुंडकी उडवू?"

"खुडल्याशिवाय फांद्या फुटत नाहीत, दिदी. हे तर पहिलीतल्या पोराला कळतं."

"मग पहिलीतलं पोर बोलव."

ती हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा. मी मुकाट्यानं शेंडे खुडले.

आषाढात कळ्या आल्या. पहिलं झाड लाल निघालं. दुसरं लाल. तिसरं केशरी, चौथं पुन्हा लाल. दर वेळी मी वर बघायचे आणि हेमा म्हणायची, "छान आहे." तिला छान वाटत नव्हतं, मलाही नव्हतं. पाचवं झाड सगळ्यांत खुरटं, त्याला श्रावण संपेपर्यंत कळीच आली नाही. त्याच्याशी मी रोज भांडायचे.

भाद्रपदातल्या एका सकाळी दार उघडलं तर ते फुललं होतं. पांढरं.

"हेमा! अगं खाली ये!"

ती अनवाणीच पायऱ्या उतरली. डब्यासमोर उकिडवी बसली, हात पदरात गच्च धरून. फूल पांढरं होतं खरं, पण मधला ठिपका अगदी फिका, पुसल्यासारखा. ती खूप वेळ बघत राहिली. माझा धीर सुटला.

"तेच आहे ना गं?"

"त्यांनी हे बाद केलं असतं," ती म्हणाली आणि रडायला लागली. मीही रडले. दाजूंच्या तेराव्यालासुद्धा मी इतकी रडले नव्हते. मग तिनं नाक पुसलं, फुलाकडे पुन्हा निरखून पाहिलं. "ठिपका गडद व्हायला चार वर्षं तरी निवडावं लागेल."

दाजू गेल्यापासून हेमानं उद्याची गोष्टसुद्धा काढली नव्हती. आणि आता चार वर्षं म्हणत होती.

दसैंच्या तोंडावर बरखी फिटली. दुसऱ्याच दिवशी हेमा कपाळावर लाल टिका लावून खाली आली. खुरट्या झाडाच्या शेंगा टपोऱ्या झाल्या होत्या. तिनं ओंजळ खाली धरून एकीला बोट लावलं, शेंग तडकली, बी तळहातावर सांडलं.

"दिदी, एखादी रिकामी काडेपेटी आहे का?"

घरात एकच पेटी होती, तीही कालच आणलेली, भरलेली. मी सगळ्या काड्या ताटलीत ओतल्या आणि रिकामी पेटी तिच्यापुढे धरली.